पोल टॅक्स : डोईपट्टी की मतदान-कर?

प्रश्न असा आहे : मिफ्लिन गिब्ज (१८२३–१९१५) या कृष्णवर्णीय अमेरिकी वकील, वृत्तपत्रकर्ते आणि नगरसेवक गृहस्थांचं चरित्र मराठीत लिहिताना 'पोल टॅक्स'ला 'मतदान-कर' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. या चरित्रात तर मुळीच नाही. 'पोल' म्हणजे मूळ अर्थाने डोकं. माणशी बसवलेला कर तो पोल टॅक्स. मराठीत त्याला 'डोईपट्टी' हा नेमका शब्द आहे.

प्रसंगच बघा. गिब्ज आणि त्यांचे भागीदार पीटर लेस्टर यांचं सॅन फ्रान्सिस्कोत बूट-जोड्यांचं दुकान होतं. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांना तेव्हा मत नव्हतं, गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्षही देता येत नव्हती. डोईपट्टी मात्र द्यावी लागे. १८५७ मध्ये दोघांनी ती भरायला साफ नकार दिला. वसुली अधिकाऱ्याने दुकानातला वीस-तीस डॉलरचा माल उचलून नेला आणि लिलावात काढला. जमलेल्यांपैकी कुणीच बोली लावली नाही, तेव्हा माल दुकानात परत आला. आता इथे 'मतदान-कर' घालून पाहा : ज्याला मतच नाही त्याने मतदानाचा कर का भरायचा, असं वाचक विचारणार, आणि खरा अन्याय बाजूलाच राहणार.

घोटाळा होतो तो पुढच्या काळामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांनी एकामागून एक डोईपट्टीची पावती ही मतदानाची अट केली. त्या संदर्भातही 'डोईपट्टी'च लिहावं आणि अट वेगळ्या वाक्यात सांगावी.

याच चरित्रात 'निवड झाली' हा प्रयोगही जपून करा. मराठीत निवड मतदार करतात, तशी समितीही करते. गिब्ज १८६६ मध्ये ब्रिटिश वसाहतीतल्या (आजच्या कॅनडातल्या) व्हिक्टोरिया शहरात नगरसेवक म्हणून आणि १८७३ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लिटल रॉकचे शहर न्यायाधीश म्हणून 'निवडून आले'. आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात, त्यामुळे संपादकाला ही चूक वाटेल आणि तो 'नियुक्ती' करून टाकेल. म्हणून 'मतदारांनी निवडून दिले' असंच स्पष्ट लिहा. १८९७ मध्ये ते मादागास्करसाठी अमेरिकेचे वाणिज्यदूत झाले ती मात्र नेमणूक, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींनी केलेली.