आशियाई विकास बँक पॅसिफिक महासागरातल्या नाउरू-तुवालूसारख्या चिमुकल्या बेटांना पैसे का देते? ते फेडणार कसे? ही बुडीत खातीच नाहीत का?

फेडायचा प्रश्नच येत नाही, कारण बहुतेक वेळा ते कर्ज नसतंच. नाउरू, तुवालू, किरिबाती, मार्शल बेटं यांना बँक आशियाई विकास निधीतून अनुदान देते. फिजीसारख्या ऐपत असलेल्या देशाला कर्ज मिळतं. "बुडीत खाती" हे मात्र मला लागलं, म्हणून लिहितोय.

मी मालवाहू जहाजावर सेकंड मेट, म्हणजे डेकवरचा अधिकारी, असताना आमचं जहाज नाउरूला जायचं. तिथे जहाजाला लागायला धक्काच नव्हता. बेट जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं, आणि किनाऱ्यापासून जरा पुढे गेलं की समुद्र इतका खोल की नांगराला तळ सापडत नाही. जहाज बोयांना, म्हणजे तरंगत्या पिंपांना, बांधायचं, जहाजाच्याच क्रेनने कंटेनर बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या नावेवर, उतरवायचे, मग एक बोट ती बार्ज ओढत ऐवोच्या चिंचोळ्या हार्बरमध्ये नेणार. पश्चिमेचा वारा धरला की सगळं बंद. दोर सोडायचे आणि बाहेर समुद्रात तरंगत बसायचं.

एका फेरीला काम सुरू झालं आणि लाटा वाढल्या. हुकाला लटकलेला कंटेनर झोके घेत होता, खाली बार्ज पुरुषभर वर-खाली होत होती, आणि तिच्यावर दोन पोरं त्याचा दोर धरून उभी होती. कॅप्टनने काम थांबवलं. तेवढ्यात रेडिओवर बार्जच्या मुकादमाने विचारलं, "रीफर तेवढा देता येईल का?" रीफर म्हणजे थंडगार कंटेनर, सगळं मटण-दूध त्यातच. नाही देता आला. डेकवरून त्यांची घरं दिसत होती आणि त्यांचं जेवण आमच्याकडे अडकलं होतं.

त्याच ऐवोला बंदर बांधायला 2017 मध्ये आशियाई विकास बँकेने अनुदान मंजूर केलं, सोबत ग्रीन क्लायमेट फंड हा हवामान बदलासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी आणि ऑस्ट्रेलिया. काम बरंच लांबलं. तरी बारा हजार माणसांच्या देशात कोणती खाजगी बँक बंदराला पैसे देणार होती?

आमच्या दाजींचं आयुष्य पतपेढीत गेलं. हा विषय निघाला की त्यांचा सवाल ठरलेला: "तारण काय?" दाजी, तारण होतं. फॉस्फेट, खतासाठी लागणारं खनिज. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून ते कित्येक दशकं मातीमोल भावाने खणून नेलं, बेटाचा मधला भाग नुसते खडकांचे सुळके करून ठेवला. 1989 मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, तेव्हा कुठे 1993 मध्ये भरपाईची तडजोड झाली. आणि आपला भारत याच बँकेच्या मोठ्या कर्जदारांपैकी एक आहे, ते कुणाला खुपत नाही.

हां, स्वातंत्र्यानंतर नाउरूच्या सरकारांनीही फॉस्फेटचा पैसा उधळला, हे खरं आहे. म्हणून माझं मत असं की पैसा बंदर, वीज, पाणी यांतच जावा, आणि क्रेन आणि बार्ज ओढणाऱ्या बोटींच्या सुट्या भागांची, देखभालीची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी. विकास दर वगैरे नंतर बघू. आणि कर्जच द्यायचं म्हणत असाल तर पॅसिफिकमधलाच टोंगा बघा. 2006 च्या दंगलीत जळालेली राजधानी उभी करायला त्यांनी चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं कर्ज काढलं, आणि त्याचे हप्ते भरताना त्या एवढ्याशा देशाच्या नाकी नऊ आले.