पाहिलं डावीकडे, ऐकलं उजवीकडे

नाशिक, ११ मे २०२४

अगं,

तुझा तो चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी काल रात्री तीनदा ऐकला. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा स्वतःचा आला, तिसऱ्यांदा लावला तेव्हा तुझ्या काकूने फोनच काढून घेतला, म्हणे पोरगी रडकुंडीला आलीये आणि तुम्ही काय कीर्तन लावल्यासारखं परत परत ऐकताय. म्हणून आज सकाळी चहा घेऊन टाइप करायला बसलोय. चुका होतील, बोटं जाड आहेत.

मला समजलं ते असं. सिडकोतल्या त्या चौकात प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा फोडला, ड्रायव्हरला मारलं. तू पोचलीस दहा मिनिटांनी. तू बघितलास फुटलेला भोंगा, ड्रायव्हरचा फाटलेला शर्ट आणि गर्दी. बाकी सगळं तिथल्या लोकांनी सांगितलं. आणि तू निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्या तुमच्या गटाच्या गुगल शीटमध्ये लिहिलंस, "सात-आठ जणांनी ड्रायव्हरला मारहाण केली." कुणी सांगितलं ते नाही, तू कधी पोचलीस ते नाही. ते शीट कुणीतरी तक्रारीला जोडलं, आणि आता सोमवारी पोलीस स्टेशनला जबाबाला बोलावलंय, प्रत्यक्षदर्शी म्हणून. आणि तू मला विचारतेस, "काका, आता शब्द फिरवला तर आपलीच तक्रार पडेल ना, आणि मार तर त्याला खरंच बसला होता."

मार खरंच बसला होता. मला माहितीये. १९९९ लाही खरंच बसला होता.

ते सांगतोच, पण आधी वहीचं. तुला मार्चमध्ये, आचारसंहिता लागली त्याच आठवड्यात, मी दोनशे पानी वही दिली होती आणि सांगितलं होतं की डाव्या पानावर पाहिलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं, आणि प्रत्येक ओळीच्या आधी वेळ. तू हसली होतीस. म्हणालीस काका आता सगळं मोबाईलवर असतं. असू दे ना मोबाईलवर! मोबाईलवर दोन रकाने करता येत नाहीत का? पाहिलं डावीकडे, ऐकलं उजवीकडे. एवढंच तर होतं.

मी सातपूरला कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत, म्हणजे मापं तपासण्यात काढली. शाफ्टचा डायमीटर व्हर्नियर लावल्याशिवाय रिपोर्टवर लिहिला असता तर सुपरवायझरने तिथल्या तिथे शर्टाची कॉलर धरली असती. शेजारच्या मशीनवाला कितीही म्हणाला की अरे बरोबरच आहे, मी आत्ता मोजलाय, तरी आपण मोजायचा. न मोजता रीडिंग भरणाऱ्याला आम्ही ज्योतिषी म्हणायचो. असा मी माणूस, आणि १९९९ च्या सप्टेंबरात मीच ज्योतिषी झालो.

लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या त्या वेळी. दोन्हींचा प्रचार एकदम, कुठला भोंगा लोकसभेचा आणि कुठला विधानसभेचा कळायचं नाही. आम्ही सहा-सात जण संध्याकाळी शिफ्ट सुटली की सायकली नाहीतर लुना काढून फिरायचो, कुठे दारू वाटतायत, कुठे पोस्टरवर मुद्रकाचं नाव नाही, कुठे धमक्या. एका रात्री एका कार्यकर्त्याचं डोकं फोडलं. मी पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसलेला, टॉवेल डोक्याला, टॉवेल लाल. पानटपरीवाल्याने सांगितलं की अमक्याचा पोरगा होता बघा, पिवळ्या शर्टातला. मी लिहिलं, "अमक्याच्या मुलाला मारताना पाहिलं." का लिहिलं? रक्त बघून डोकं फिरलं होतं, टपरीवाला खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि "पाहिलं" लिहिलं की वजन येतं. "टपरीवाला म्हणाला" लिहिलं की कोण विचारतंय.

तो पोरगा त्या वेळी अंबडच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला होता. पंच कार्ड निघालं. निघायला तीन रात्री गेल्या, त्या त्याने आत काढल्या, टेम्पररी होता, कंपनीने परत घेतलं नाही. आणि पुढे कोर्टात समोरच्या वकिलाने काय केलं असेल? माझा एकच कागद उचलला आणि म्हणाला की ह्या साक्षीदाराने जे पाहिलं म्हणून लिहिलंय ते घडलेलंच नाही, तर बाकी कशावर विश्वास ठेवायचा. ज्यांनी खरंच डोकं फोडलं होतं ते पण सुटले. पेढे वाटले त्यांनी.

आता माझी बाजू पण ऐक. तेव्हा मोबाईल नव्हते, कॅमेरा कुणाकडे असला तर रोल भरायचे पैसे नसायचे, आम्ही घरचं खाऊन फिरत होतो, पोलीस उभे करत नव्हते, आणि त्या माणसाला सात टाके पडले होते हे काही मी बनवलेलं नव्हतं. मला कुणी खोटारडा म्हणालं तर मी आजही भांडेन. आणि भांडून झाल्यावर रात्री झोप येत नाही, हे पण लिहून ठेव. कुठल्या पानावर? डाव्या. मी स्वतः पाहिलंय ते.

म्हणून सोमवारी जा. साहेबांना सांग, मी इतक्या वाजता पोचले, हे हे पाहिलं, आणि हे हे अमुक लोकांकडून ऐकलं. भोंगा पाहिलास ते सांग, शर्ट पाहिलास ते सांग, कोण उभं होतं आणि काय बोलत होतं ते सांग. "सात-आठ जणांनी मारलं" हे ज्याने पाहिलं त्याच्या तोंडून येऊ दे, तो ड्रायव्हर आहे, त्याला तोंड आहे, आणि समोरच्या दुकानांना सीसीटीव्ही आहेत, त्याचं फुटेज ताबडतोब मागवा असा अर्ज आजच दे कारण बऱ्याच दुकानदारांचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. बघ, तू "पाहिलं" म्हणून मोकळी झालीस त्यामुळे तीन दिवस कुणी फुटेज मागितलंच नाही. साक्षीदार मिळाला म्हणून सगळे निवांत.

तुझी तक्रार पडणार नाही. आज तू दुरुस्त केलंस तर एक ओळ बदलेल, वकिलाने बदललं तर सगळी वही जाईल.

आणि ते तुमचे कोऑर्डिनेटर. "एंट्री कमी पडतायत, दुसऱ्या टीमच्या चाळीस झाल्या." अरे, एंट्री म्हणजे काय कांद्याच्या गोण्या आहेत? तुझ्या चौदापैकी पाहिलेल्या दोन, बाकी बारा ग्रुपवरून. ते निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल अ‍ॅप तू वापरतेस ना, त्यात गॅलरीतला फोटो टाकता येत नाही हे कधी लक्षात आलं का? तिथेच उभं राहून, त्याच अ‍ॅपमधून फोटो काढायचा नाहीतर दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ, जागा ते आपोआप पकडतं, आणि काढल्यावर पाठवायला वेळही मोजका देतं. मग भरारी पथक पंधरा मिनिटांत जागेवर आणि शंभर मिनिटांत निकाल असा त्यांचा हिशोब. दरवेळी तसंच होतं असं मी म्हणत नाही, नाव न देता तक्रार केली तर पुढे काय झालं ते कळत पण नाही. पण ज्याने ते बनवलं त्याला डाव्या पानाचं महत्त्व कळलं होतं. फॉरवर्ड आलेलं चालत नाही, विषय संपला.

केनियात २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर हजाराच्या वर माणसं मेली. तिथल्या काही पोरांनी लोकांकडून एसएमएसने खबरा गोळा करून नकाशावर टाकायला सुरुवात केली, नाव ठेवलं उशाहिदी, म्हणजे त्यांच्या भाषेत साक्ष. मोठं काम होतं, जगभर नाव झालं. पण त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता की आलेला मेसेज पाहिलेल्याचा की ऐकलेल्याचा. नैरोबी काय नि नाशिक काय.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण पोरं दुसऱ्या टोकाला जातात. ऐकलेलं म्हणजे खोटं नाही. उजवं पान फाडून टाकायचं नसतं. तू हरसूलकडच्या त्या पाड्याचं सांगितलंस, की बायका म्हणतात "२० तारखेला घरातच थांबा असा निरोप आलाय." तिथे ना व्हिडिओ मिळणार ना जखम. डोकं फुटलेलं दिसतं, घाबरलेलं दिसत नाही, आणि माझ्या मते दुसरी हिंसा जास्त मोठी, कारण तिची कुठे नोंदच होत नाही. मग ती उजव्या पानावर लिही, आणि नीट लिही: कुणी सांगितलं, तिला स्वतःला निरोप आला की शेजारणीला, कोणत्या दिवशी, नेमके शब्द काय होते. स्वतःला आलेला निरोप आणि चार तोंडांतून आलेला निरोप यात फरक आहे, तो फरक लिही. आयोगाची पद्धतच आहे की मतदानाआधी क्षेत्रीय अधिकारी आणि पोलीस असुरक्षित वस्त्या शोधतात, कुणाला धाक आहे, कोण दाखवतंय. त्यांना ही उजव्या पानाची माहिती हवी असते, खबर म्हणून, पुरावा म्हणून नाही. २० तारखेच्या मतदानाला नऊ दिवस आहेत, ती आजच द्या. आणि त्या बायकांची नावं त्या गुगल शीटमध्ये टाकली असशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी ती काढ. किती जणांकडे लिंक आहे त्याची? मी विचारतोय, मला उत्तर पाठव.

भाषणांचं पण तेच. "जातीवाचक बोलला" असं लिहून काय उपयोग, शब्द लिही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीची डॉ. रमेश प्रभूंची केस आठव, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून निवडणूक रद्द झाली, सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला १९९५ चा डिसेंबर उजाडला. त्या निकालात कोणत्या सभेत कोणतं वाक्य बोललं गेलं ते तपासलंय. तुला भाषणाचा काय अर्थ लागला हे कुणी विचारत नाही गं.

आणि सगळंच गैरप्रकार म्हणून लिहायचं नसतं. सभेत शेतकरी उभा राहून कांद्याच्या भावावर ओरडला, तर ती हिंसा नाही, तो त्याचा हक्क आहे. त्याला चौघांनी दंडाला धरून मंडपाबाहेर काढलं, ते लिही, किती वाजता ते लिही. मागच्या एका निवडणुकीत आमच्याच ग्रुपवर फिरलं होतं, "पैशाची गाडी पकडली!!!!" आणि चार उद्गारचिन्हं. तो निघाला निफाडकडचा शेतकरी, कांदा विकून आलेला, पन्नास हजारांच्या वर रोख म्हणून नाक्यावर निवडणुकीच्या तपासणी पथकाने थांबवला, हिशोबपट्टी घरून मागवली, दाखवली, सुटला. पण त्याच्या गावात तो पुढची दोन वर्षं "पैसे वाटणारा"च होता. फॉरवर्ड करणाऱ्यांत आपले दोन जण होते. मी नव्हतो, ह्या वेळी.

खर्चाचं मी जास्त बोलत नाही, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आणि रस्त्यावर दिसणारा खर्च यावर बोलायला लागलो तर काकू परत फोन काढून घेईल. एवढंच कर, ताफ्यातल्या गाड्या स्वतः मोजत जा, "खूप गाड्या होत्या" मला वाचायला पण नको.

तू म्हणालीस, सोमवारनंतर हे सगळं सोडून देईन. दे. खरंच दे हवं तर, मी अडवणार नाही, मी पण १९९९ नंतर पाच वर्षं घरी बसलो होतो. २००४ ला परत निघालो तेव्हा सगळीकडे मतदानाच्या मशीन आल्या होत्या आणि माझ्या हातात दोन पानांची वही होती. पोरं मला वेळवाले काका म्हणायला लागली, भेटलं की आधी विचारतो किती वाजता. म्हणू देत. पण दुरुस्ती केल्याशिवाय सोडू नकोस. मी दुरुस्ती न करता सोडलं होतं.

तो पोरगा आता पन्नाशीकडे आलाय. पाथर्डी फाट्याच्या बाजूला वडापावची गाडी लावतो. मी तीन-चारदा खाल्लाय त्याच्याकडे. मला ओळखतो की नाही माहीत नाही, सुट्टे पैसे देताना तोंडाकडे बघतो तेव्हा वाटतं ओळखतो. हे वाटलेलं आहे, उजव्या पानावरचं. त्याला अजून काही बोललो नाहीये. आणि तुला सोमवारपर्यंतची मुदत देतोय! तू हे माझ्या तोंडावर मारलंस तर माझ्याकडे उत्तर नाही.

सोमवारी साडेदहाला सीबीएस बसस्टँडला उभी राहा, मी बरोबर येतो. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. वहीत काही लिहिलं असशील तर मूळ वही आण, नुसती शीटची प्रिंट नको. तेव्हा जे लिहिलंयस ते खाडाखोड न करता तसंच राहू दे, दुरुस्ती खाली नवीन ओळीत, आजची तारीख वेळ टाकून. जबाब लिहून झाला की वाचून दाखवायला सांग, लाजू नकोस. साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, फिर्यादीवर घेतात, तेव्हा पुढे केलाच कागद तर आधी विचार हा कसला. आणि लिहिणारा हवालदार सवयीने "माझ्या समक्ष" असं लिहील, त्यांची ती भाषाच आहे. तो शब्द ऐकलास की तिथेच थांबव.

तुझा,
काका

ता.क. नावं काढलीस का त्या शीटमधून?