जुना ट्रक दुरुस्त करायला घेतला तर मन थाऱ्यावर येतं का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर आईच्या आजारपणात गेलं, आता घरात बसवत नाही आणि कामातही लक्ष लागत नाही. गोठ्यामागे आजोबांचा ट्रक पडून आहे, तो उभा करावासा वाटतो, पण घरचे म्हणतात भंगारात घाला. हा वेडेपणा आहे का, असा तुमचा प्रश्न. अजिबात नाही. मी हे केलंय, अजून करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी मिरजेत आयसीयूमध्ये नर्स आहे. आमच्याकडे पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वॉर्डात जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. त्या दोन महिन्यांत माझे हात नीट चालत होते. बिघडलं ते नंतर, सगळं निवळल्यावर. रात्री अडीचला मॉनिटरचा अलार्म ऐकू यायचा, आणि मी तर घरी अंथरुणात असायचो. दिवाळीपर्यंत सलाईन लावताना बोटं थरथरायला लागली. पंधरा वर्षं ज्या हातांनी म्हाताऱ्या माणसांच्या सुकलेल्या शिरा शोधल्या, तेच हात. मी रजा टाकली.

आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, ट्रककडे त्यानंतर. हा क्रम कृपा करून तुम्हीही मोडू नका. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा लागतो, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने त्या बंद करायच्या नसतात. आमच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर आणखी एक सांगितलं: मन लागलं की काम करीन असं म्हणत बसू नका, वेळ ठरवून कामाला लागा, मन मागून येईल. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची ही उपचारपद्धतच आहे. काम कुठलं, ते मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं. (आजच्या आज कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

ट्रक माझ्या मामाचा. तासगावजवळच्या मळ्यात चिंचेखाली अठरा वर्षं उभा होता. गोल नाकाचा, 1967 चा टाटा मर्सिडीज-बेंझ 1210. हे नाव ऐकून लोकांना नवल वाटतं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली, तो करार 1969 पर्यंत होता. तोवरच्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा, नंतर त्या जागी टी आला. 1210 मधले 12 म्हणजे भरल्या गाडीचं साधारण वजन टनांत, आणि 10 म्हणजे ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या घरात. कारखान्यातून यायची ती चासी, इंजिन आणि पुढचं नाक. केबिन आणि हौदा आपल्याकडचे सुतार-लोहार बांधायचे, त्यामुळे जुन्या ट्रकचा मागचा अर्धा भाग त्या त्या गावचा असतो. मामाच्या ट्रकचा हौदा सांगलीत बांधलेला. त्यातून त्याने द्राक्षं, बेदाणा, हळद, गूळ सगळं वाहिलं. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गूळ न्यायचा आणि येताना चिरे भरून आणायचा.

जानेवारी 2022 मध्ये मी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घर होतं आणि इंजिन जाम. केबिनच्या लाकडाला वाळवी लागलेली. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्यांनी बसलेला. त्याने चिंचेखाली खुर्ची टाकून घेतली आणि तिथून उठलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात मागचं डावं चाक काढायला बसलो. पान्याला चार फुटी पाईप अडकवला, त्यावर चढून उभा राहिलो, नट हलेना. तासभर हेच. घामाने शर्ट भिजला आणि छातीत तीच ओळखीची धडधड सुरू झाली, रात्री अडीचची. मामा गप्प बघत होता. शेवटी म्हणाला, "आरं, डावीकडचं हाय न्हवं ते? उलटं आटं असत्यात त्याला. तू मगाधरनं आवळाय लागलाईस." जुन्या टाटाच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, चाक फिरताना ते सैल पडू नयेत म्हणून. मी पाना काढून दुसऱ्या अंगाने लावला, थोडं डिझेल सोडलं, थांबलो, मग जोर दिला. करकरत नट सुटला. धडधड कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते घरी जाताना, एसटी स्टँडवर.

तुम्हाला ट्रकने काय मिळेल ते मला सांगता येणार नाही. मला काय मिळालं ते हे: आयसीयूत त्या दिवसांत सगळं बरोबर करूनही माणूस जायचा. हातांचा आपल्यावरचा विश्वासच उडाला होता. ट्रकमध्ये जे बिघडलंय त्याला कारण आहे, ते कारण सापडतं, त्याला बोट लावता येतं, आणि बरोबर केलं की ते ऐकतं. हे माझ्या डोक्याला आधीही माहीत होतं. हातांना मात्र ते पुन्हा पुन्हा, नटानटाने पटवावं लागलं.

इंजिनाला मी एकट्याने हात लावला नाही. सांगलीतले एकाहत्तर वर्षांचे एक मिस्त्री मामाच्या ओळखीने आले. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात मोल्डर, म्हणजे साच्यात लोखंड ओतणारे कामगार होते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या त्या वाडीने आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांना लोखंड ओळखायला शिकवलं असेल! मिस्त्रींनी सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून ठेवायला सांगितलं. रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला पहार लावून हलकं दाबून बघायचं, हललं नाही तर घरी जायचं. जोर केला तर रिंगा तुटतील, म्हणाले. मी अकरा दिवस गेलो, दाबलं, परत आलो. बाराव्या दिवशी फ्लायव्हील बोटभर सरकलं. त्या बोटभर सरकण्याचा फोटो माझ्याकडे अजून आहे, दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसणार नाही.

मग हेड उतरवलं, पिस्टन, रिंगा, लायनर बदलले. मशीनचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं, फ्युएल पंप आणि नोझल सांगलीतल्या पंपवाल्याने करून दिले. टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, मिस्त्रींनी मला लावायला दिली. ती फट मोजायच्या फिलर गेजचं पातं ओढताना किंचित घासलं पाहिजे, अडकायचं नाही आणि मोकळं सुटायचंही नाही. ती घासण्याची जाणीव बोटांत यायला माझे दोन रविवार गेले.

नोव्हेंबरात सेल्फ मारला. इंजिन धूर ओकत सुरू झालं, चाळीसेक सेकंद चाललं आणि बंद पडलं. मिस्त्री म्हणाले, "एअर घेतलाय. काढा तुम्हीच." आणि चहाला निघून गेले.

डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरली की पंप दाब देऊ शकत नाही, इंजिन मरतं. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाचं बटण अंगठ्याने दाबत राहिलो. आधी नुसता फेस. मग फेसातून डिझेल, त्यात मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग एकच बुडबुडा राहिला. तो येऊन स्क्रूच्या कडेला थांबला. मी दाबत राहिलो. फुटला, आणि स्वच्छ, सलग डिझेल बोटांवरून वाहायला लागलं. दाब तसाच ठेवून स्क्रू आवळला. मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट, एकेक.

सलाईनच्या सेटमधून हवा काढण्याचं काम मी हजारो वेळा केलंय. ड्रिप चेंबर अर्धा भरायचा, नळी सोडायची, टिचकी मारत बुडबुडे वर घालवायचे, शेवटचा जाईपर्यंत नजर हलवायची नाही. चिंचेखाली, डिझेलने माखलेल्या हातांनी, मी तेच करत होतो आणि हात स्थिर होते. इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. सहा सिलिंडर, आपल्या क्रमाने पेटत: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. मामा खुर्चीतून उभा राहिला.

एप्रिलपासून मी हलक्या ड्यूटीवर रुजू झालो होतो, पण सुई हातात घेत नव्हतो. इंजिन सुरू झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात वॉर्डातल्या एका आजीबाईंना मी सलाईन लावलं. डिसेंबरात आयसीयू परत मागून घेतला. आता अलार्म मला वॉर्डातच ऐकू येतो. क्वचित घरी आला तर रविवारी मळ्यात जातो.

आता तुमच्या ट्रकविषयी.

कागद आधी बघा. आरसी बुकावरचे इंजिनाचा आणि चासीचा नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का ते पाहा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम केले, पण ते दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी आहेत, मालाचा ट्रक त्यात बसत नाही. आमचा ट्रक रस्त्यावर काढायचा हट्ट मी सोडून दिलाय. तो मळ्यातल्या मळ्यात चालतो आणि मला तेवढं पुरतं. तुम्हाला रस्त्यावरच चालवायचा असेल तर पैसे घालण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. उमेदीने उभा केलेला ट्रक कागदावर अडला तर ते तुम्हाला आत्ताच्या स्थितीत झेपायचं नाही.

पैशांचं घरात बोलून ठरवा. मी आणि बायकोने महिन्याला आठ हजारांची मर्यादा घातली. संपले की त्या महिन्यात फक्त घासायचं, पुसायचं, खोलायचं. टायर सोडून सव्वादोन वर्षांत दोन लाखांच्या थोडे वर गेले. 900-20 चे सहा टायर मी जुनेच घेतले, मळ्यात फिरायला नवे कशाला? हे पैसे परत येणार नाहीत, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

एक गोष्ट नर्स म्हणून अगदी कळकळीने सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, चासीखाली लाकडाचे जाड ठोकळे लावा, चाकांना दगड लावा. रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर सकाळी गाडीखाली जायचंच नाही, अंग जड असतं आणि आपल्याला ते कळत नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, एन-95 लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पेपर मारताना पाणी लावूनच मारा.

एकटे करू नका. मिस्त्री नसतील तर शेजारचा शाळकरी मुलगा पाना द्यायला बसू दे. मळ्यात आम्ही तिघं होतो, पण चार-चार तास कुणी माझ्या आजाराबद्दल अक्षर काढलं नाही आणि तरी कुणीतरी जवळ होतं. त्या काळात असं बसायला मला दुसरी जागाच नव्हती.

आणि फार चकचकीत करू नका. ट्रकला शोरूमसारखा रंग मारायला पेंटर तयार होता. मामाच्या बाजूच्या दारावर, खिडकीच्या कडेला, वीतभर जागेवर रंग पूर्ण उडून पत्रा गुळगुळीत झालाय. तीस वर्षं तिथे त्याचं कोपर टेकलेलं होतं. तेवढी जागा आम्ही तशीच ठेवली, गंज चढू नये म्हणून वरून फक्त तेलाचा हात देतो. आजोबांच्या ट्रकवर अशी जागा नक्की असणार. पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी ती शोधा.

पहिल्या दिवशी मोठं काही हाती घेऊ नका. बॅटरीची पेटी उघडा, एअर क्लीनर काढा, पंख्याचा पट्टा धरून इंजिन हाताने किंचित तरी फिरतं का बघा. फिरत नसेल तर घाबरू नका, आमचंही फिरत नव्हतं. दारावरच्या किंवा बॉनेटखालच्या प्लेटचा फोटो इथे टाका, मॉडेल कुठलं ते मामाला विचारून कळवतो. मी रविवारी मळ्यातच आहे. हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या बसवायच्या राहिल्यात.