पिनकोड सांगा, भाव सांगतो

प्रश्न : अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावर राहतो. खरेदीच्या ॲपवर तीन हजारांचा मिक्सर पुण्याच्या भाच्याला दुसऱ्या दिवशी आणि तीनशे रुपये कमीत मिळाला. आम्हाला दहा दिवस, पूर्ण किंमत, वर 'रोख चालणार नाही'. असं का?

उत्तर : ॲप तुम्हाला ओळखतं ते पिनकोडवरून. माल पोचतो का, रोख चालते का, परत न्यायला माणूस येतो का, या प्रत्येकाची पिनकोडनिहाय यादी वेगळी असते. म्हणून माल येतो, पण परत जात नाही, असंही होतं. (श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972 साली ही पद्धत आखली ती पत्र नेमक्या गावी पोचावं म्हणून, आता तीच चाळणी झाली आहे!)

ऑर्डर देण्याआधी वस्तूच्या पानावर स्वतःचा पिनकोड टाका, मग तालुक्याच्या गावचा टाकून बघा. तिथं सोय बरी असेल तर ओळखीच्या दुकानदाराला विचारून त्याच्या दुकानाचा पूर्ण पत्ता द्या, मोबाइल नंबर मात्र तुमचा. पत्ता पाड्याचा आणि पिनकोड तालुक्याचा असं करू नका. पार्सल तिथूनच परत फिरतं.

तीनशे रुपयांचं गणित बहुधा क्रेडिट कार्डाच्या दहा टक्के सवलतीचं. 'बिनव्याजी' हप्त्यांतही तेच. समजा, 12,000 चा फ्रिज, सहा हप्ते, बँकेचं व्याज 15 टक्के. सुमारे 508 रुपये व्याज होतं, तेवढी सूट विक्रेता आधीच देतो. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 91 रुपये, आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क असेल तर तेही, घेणाऱ्याच्या माथी. तरी 508 ची सूट त्यालाच. सगळे पैसे एकदम मोजणाऱ्याला बहुतेक वेळा ती दाखवतच नाहीत. तेव्हा 12,000 रोख मोजण्याआधी गावातल्या दुकानात भाव विचाराच. दुकानदार घासाघीस ऐकतो, ॲप ऐकत नाही.

प्रश्न : मी चार घरी स्वयंपाक करते. एका वहिनींच्या फोनवरून कुकर मागवला, पैसे त्यांना रोख दिले. झाकण बसत नाही. परत कसा करू?

उत्तर : ताई, आधी झाकणाची रबरी रिंग काढून झाकण लावून बघा. तसं बसलं तर दोष रिंगेचा, तेवढीच बदलून मागा. नाही बसलं तर कुकर मुळीच गॅसवर ठेवू नका; वापरलेली भांडी परत घेताना कुरकुर होते. अडणाऱ्या झाकणाचा व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, खोकं जपून ठेवा.

वहिनींनी कार्डानं पैसे भरले असतील तर परतावा त्यांच्याच कार्डावर जाईल. म्हणून परताव्याऐवजी 'बदलून द्या' हा पर्याय निवडायला सांगा. मुदत मोजा ती कुकर हातात पडला त्या दिवसापासून, आणि विनंती त्यांच्याच फोनवरून आजच करा. ओटीपीही तिथंच येणार, तेव्हा माणूस येईल त्या वेळी फोन घरात हवा. ओटीपी सांगण्याआधी नवं झाकण लावून बघा.

दाद मिळाली नाही तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ऑनलाइन खरेदीसाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार 48 तासांत पोच आणि महिन्यात निवारण व्हायला हवं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. मात्र ऑर्डर नंबर वहिनींकडून आधीच लिहून घ्या, तो विचारतातच.