लेंटमधला रविवार आणि तांबडा रस्सा

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. लग्नानंतर कोल्हापुरातला हा तुझा पहिलाच लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ. माहेरी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांसाहार बंद असायचा. सासरी बुधवारी आणि रविवारी मटण ठरलेलं. तू रांधतेस, वाढतेस आणि आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात एकटी बसतेस. सासूबाई म्हणतात, ‘आपल्या मंडळीत, आपल्या चर्चमध्ये असलं कधी नव्हतं.’ नवरा चिडवतो. मटणाला हात लावला तर उपास मोडतो का, असंही विचारलंयस.

नाही मोडत. घरच्यांसाठी तीळ-खोबरं भाजून वाटण परतण्यात पाप कसलं?

आता रविवारचं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोज, 46 दिवस भरतात. मधले 6 रविवार वगळले की चाळीस होतात. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा, म्हणून तो उपासात धरलेलाच नाही. तेव्हा रविवारी सगळ्यांबरोबर बस आणि पोटभर रस्सा ओरप.

सासूबाईंचंही खोटं नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि 1870 मध्ये इथलं मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेलं. त्या परंपरेत लेंटचा उपास कधी सक्तीचा नव्हता. लेंट न पाळताही सासूबाईंनी जन्मभर प्रभूला धरून ठेवलंय. तुझं वेगळं ताट बघून आपली भक्ती उणी ठरतेय असं त्यांना वाटत असणार. मला तर सगळ्या धुसफुशीचं मूळ तिथंच दिसतं.

बायबलमधल्या यशयाचा 58 वा अध्याय त्यांच्याजवळ बसून वाच. उपासही करता आणि भांडताही, असं देव तिथे लोकांना सुनावतो. भुकेल्याला आपल्यातली भाकरी द्यायला सांगतो. इतर दिवशी तुझा उपास खुशाल चालू ठेव, पण बुधवारी पिठलं-भाकरी घेऊन का होईना, पंगतीतच बस. तुझ्या वाटणीच्या मटणाचे पैसे बाजूला टाक. त्यातून सीपीआर रुग्णालयात बाहेरगावच्या एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला जेवणाचा डबा नेता येईल. भाकऱ्या सासूबाईंना थापायला सांग, त्या नाही म्हणणार नाहीत.

नवऱ्याशी मात्र स्पष्ट बोल, सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना. चिडवलेलं लागतं, हे त्याला कळू दे. आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, घरात मटण आणायचं नाही, दुपारी 12 ते 3 च्या उपासनेला तिघांनी मिळून जायचं, हे आत्ताच ठरवून टाका.

तुझी,
ताई