उगादी पाडव्याच्याच दिवशी, मग तमिळ नववर्ष आणि विषू एप्रिलच्या मध्यावर का?

कारण उगादी चंद्रावर चालते, पुत्तांडू (तमिळ नववर्ष) आणि केरळचा विषू सूर्यावर. आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात आपल्यासारखंच चैत्र शुद्ध प्रतिपदेला वर्ष सुरू होतं. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, अधूनमधून अधिक मास येतो, म्हणून तारीख मागेपुढे सरकते. तमिळनाडू आणि केरळ मात्र सूर्याचा मेष राशीतला प्रवेश धरतात, त्यामुळे सण दरवर्षी 14 एप्रिलच्या आसपासच येतो. तिथेही संक्रमणाची वेळ मोजण्याचे नियम वेगळे असल्याने कधी दिवसाचा फरक पडतो: 2023 मध्ये पुत्तांडू 14ला होता, विषू 15ला.

एक मात्र लक्षात ठेवा, विषूला सरसकट ‘मल्याळी नववर्ष’ म्हणू नका. केरळचं पारंपरिक कोल्लम वर्ष ऑगस्टच्या मध्यावर, चिंगम महिन्यात सुरू होतं. विषूचं खरं महत्त्व पहाटेच्या ‘कणी’त आहे: उरळीत (पसरट धातूच्या भांड्यात) तांदूळ, पिवळी काकडी, आरसा, नाणी आणि बहाव्याची फुलं मांडतात, आणि घरच्यांना डोळे मिटूनच तिच्यासमोर आणतात. विषूच्या दिवशी पहिलं दर्शन तेच व्हावं म्हणून. फार सुंदर प्रथा आहे ही. उगादीच्या पच्चडीत (त्या दिवशीच्या खास आंबट-गोड-कडू पदार्थात) कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच आणि कैरी असते. आपल्या पाडव्याच्या कडुनिंबाशी नातं लगेच जाणवतं.