आईचं सोनं गहाण ठेवून रेसलिंगमध्ये उतरू का?

गोव्यातल्या साखळीहून आलेलं हे पत्र मी तीनदा वाचलं. लिहिणारा २६ वर्षांचा आहे आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करतो. पगार हातात २७,००० येतो, त्यातले १०,००० तो घरी देतो. गेली दोन वर्षं तो सुट्टीच्या दिवशी प्रोफेशनल रेसलिंग करतो. कुठल्याही कंपनीशी करार नाही. ज्या प्रमोटरचं, म्हणजे शो भरवणाऱ्याचं, बोलावणं येईल तिथे, मुंबई, बंगळूर, पंजाब, बॅग उचलून जायचं. गेल्या वर्षी ११ मॅच झाल्या आणि ४६,००० मिळाले. शिल्लक ३,८०,००० आहे. आता नोकरी सोडून उत्तरेतल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात वर्षभर राहायचं त्याच्या मनात आहे. फी, राहणं, जेवण धरून साडेतीन लाख लागतील. त्यासाठी आई पाटल्या आणि हार गहाण ठेवून तीन लाख उभे करायला तयार आहे. वडील मात्र म्हणतात, "सगळं खोटं असतं ते, त्यासाठी नोकरी सोडतोस?" शेवटी तो विचारतो, "ताई, करू का? आणि बाबांना कसं सांगू?"

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी त्या 'खोटं'विषयी. मी पेडण्याची. दशावतार बघत वाढले. राक्षस शेवटी मरणार हे देवळासमोर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही आणि नटाचा घाम काही ठरवून येत नाही. तुझ्या खेळाचंही तसंच आहे. निकाल ठरलेला असतो, पण पाठीखाली लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास, एवढंच असतं. तिथे पडणं खरंच असतं. म्हणून मी तुझ्या खेळाकडे धंदा म्हणून बघते आहे आणि धंद्याला विचारावेत तेच प्रश्न विचारते आहे.

मिळकत तू लिहिलीस. खर्च मात्र पत्राच्या दुसऱ्या पानावर विखुरलेला होता. मी तो गोळा केला. थिवीहून रेल्वे, बस, लॉजिंग, बूट, टेप, फिजिओथेरपी मिळून ५८,०००. म्हणजे मॅचमागे सरासरी ४,२०० आले आणि ५,३०० गेले. शिवाय बिनपगारी ९ रजा, दिवसाला ९०० धरले तर आणखी ८,१००. वर्षभरात तू हा खेळ वीस हजार घालून खेळलास. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकायच्या काळात असंच होतं. पण नोकरी सुटल्यावर हे वीस हजार कुठून येणार?

आता योजनेकडे येऊ. सोनेतारण कर्ज बहुतेक वेळा १२ महिन्यांचं असतं आणि मुद्दल व्याजासकट एकरकमी फेडायचं असतं. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेर ३,३३,००० भरावे लागतील. दरम्यान घरचे महिना १०,००० तुझ्या शिल्लकीतून जातील, म्हणजे १,२०,०००. फीचे उरलेले ५०,००० ही तिथूनच. तुझ्याकडे २,१०,००० उरतील. ज्या महिन्यात प्रशिक्षण संपेल त्याच महिन्यात तुला १,२३,००० कमी पडतील, आणि तेव्हा हातात एकही नक्की मॅच नसेल. पतसंस्थेची नोटीस आईच्या नावाने येईल. बुडालेला पगार धरला तर हा साडेतीन लाखांचा निर्णय नाहीच, सात लाखांचा आहे.

म्हणून सोन्याला हात लावू नकोस. आई 'हो' म्हणाली आहे, पण हे आकडे तिच्यासमोर कुणी मांडलेले नाहीत.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तू लिहिलंस की वडिलांचा खाणीवर ट्रक होता, कर्जाने घेतलेला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या अशा कितीतरी घरांचे हिशेब माझ्या टेबलावर होते. ट्रक चालू होते तोवर येणारा प्रत्येक रुपया कमाई समजून खर्च झाला होता. जमिनीतून उपसलेली माती परत भरून येत नाही, ही गोष्ट कुणाच्याच वहीत नव्हती. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला १० टक्के भाग कायम निधीत टाकायला सांगितलं, कारण संपणाऱ्या ठेव्यातून येणारा पैसा सगळाच्या सगळा खायचा नसतो. तुझे गुडघे, खांदे आणि मान हाच तुझा ठेवा आहे. प्रत्येक बंपमध्ये, म्हणजे रिंगमध्ये आपटून पडण्यात, त्यातलं थोडं उपसलं जातं. तुझ्या वहीत टेपचे १२० रुपये आहेत, पण शरीर झिजल्याचा रकाना नाही. आजपासून तो उघड. कुठल्याही मॅचचे पैसे हातात आले की चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा, खर्च निघाला असो वा नसो. हा पैसा फक्त दुखापतीसाठी आणि दुखापतीमुळे बसून काढाव्या लागणाऱ्या महिन्यांसाठी.

विम्याचंही तिथेच अडतं. कंपनीची गट आरोग्य पॉलिसी राजीनाम्याबरोबर संपेल. स्वतःची घेतलीस तर बहुतेक आरोग्य पॉलिसींत व्यावसायिक म्हणून धोक्याच्या खेळात भाग घेतल्याने आलेला खर्च वगळलेला असतो. यादीत गिर्यारोहण, मोटार शर्यत अशी नावं असतात, पण ती तेवढ्यापुरती नाही असंही तिथेच लिहिलेलं असतं. तेव्हा अर्जात रेसलिंग लपवू नकोस. आमच्या मॅचमधली दुखापत धरता की नाही, हे विमा कंपनीला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुमच्या चौघांच्या घराला वर्षाला चार लाखांपर्यंत आधार देतं. ते नूतनीकरण करून ठेव, पण पंजाबात हाड मोडलं तर तेच कार्ड धावून येईल यावर विसंबू नकोस.

तू लिहितोस की २६ म्हणजे आधीच उशीर झाला. अमेरिकेतला डायमंड डॅलस पेज रिंगमध्ये कुस्तीगीर म्हणून उतरला तेव्हा ३५ वर्षांचा होता. तिथलाच एजे स्टाइल्स डब्ल्यूडब्ल्यूई या रेसलिंगमधल्या सगळ्यांत मोठ्या कंपनीत आला २०१६ साली, ३८व्या वर्षी, आधीची कितीतरी वर्षं बाहेरच्या प्रमोशन्समध्ये, म्हणजे शो भरवणाऱ्या इतर कंपन्यांत, घालवून. उलट बाजूही बघ. मोठा करार मिळाला म्हणजे नोकरी पक्की झाली असं नाही. एप्रिल २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने जिंदर महल, वीर आणि सांगा या तिन्ही भारतीय वंशाच्या रेसलर्सना एकाच वेळी सोडून दिलं. जिंदर तर २०१७ मध्ये त्यांचा चॅम्पियन होता.

स्वतंत्र राहून ज्यांचं बरं चाललं, त्यांनी केवळ मॅचच्या मानधनावर भागवलेलं नाही. यंग बक्स या नावाने खेळणाऱ्या दोघा अमेरिकन भावांनी टी-शर्ट आणि यूट्यूबवरून स्वतःचा प्रेक्षक उभा केला. मग २०१८ साली कोडी रोड्स या रेसलरबरोबर शिकागोजवळ 'ऑल इन' हा शो स्वतःच्या हिमतीवर केला. १० हजारांहून जास्त तिकिटं अर्ध्या तासात संपली. आपल्याकडे तेवढं मैदान नाही, पण हिशेब तोच लागू पडतो. २५० रुपयांत छापलेला टी-शर्ट ५०० ला विकलास आणि एका शोला १५ गेले, तर ३,७५० सुटतात, जवळजवळ एका मॅचचं मानधन. आणि त्यासाठी पाठीवर पडावं लागत नाही. माईक हातात आला की तू कोकणी-मराठीत बोलतोस, ते व्हिडिओ मी पाहिले. तसा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही. मुंबईतल्यांची नक्कल करायला जाऊ नकोस.

तर माझं मत असं. नोकरी आत्ता सोडू नकोस, खेळही सोडू नकोस. पावसात मोकळ्या मैदानावरचे शो तसेही थांबतात, दशावताराची मंडळीही त्या दिवसांत शेताकडे वळतात. जून-जुलैत सहा आठवड्यांची बिनपगारी रजा माग आणि तेवढ्यापुरतं त्या केंद्रात जाऊन ये. फी आणि राहण्याचे ४४,०००, बुडालेला पगार ४०,५००, म्हणजे पंचाऐंशी हजारांच्या आत भागेल. हे शिल्लकीतून घाल. दीड लाख मात्र कशालाही मोडायचे नाहीत. नियुक्तिपत्रात दुसरं काम करायला मनाई आहे का तेही बघून घे. असेल तर लेखी परवानगी काढ.

मॅच घेताना मानधन, येण्याजाण्याचं भाडं, दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कुणाचं, आणि चित्रीकरण तुला वापरता येईल का, या चार गोष्टी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. भाडं न देणाऱ्या लांबच्या मॅचला यापुढे नाही म्हण. एवढ्यानेच तुझा तोटा निम्म्यावर येईल. मानधनातून टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून परत मिळव. दोन-तीन वर्षांचे रिटर्न पुढे कर्जाला आणि व्हिसालाही उपयोगी पडतात.

नोकरी कधी सोडायची? घरचे आणि स्वतःचे मिळून तुला महिना १८,००० लागतात. सगळा खर्च आणि तो चौथा हिस्सा काढून रेसलिंगमधून सलग १२ महिने सरासरी ९,००० उरू लागले, आणि वर्षभराचा खर्च म्हणजे २,१६,००० बँकेत शिल्लक राहिले, की राजीनामा दे. तेव्हा मला विचारायलाही थांबू नकोस. भविष्य निर्वाह निधी मात्र मोडू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो.

राहिले बाबा. त्यांना मॅचचे व्हिडिओ दाखवू नकोस, वही दाखव. डिझेल, टायर, हप्ता आणि बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब त्यांनी किती वर्षं ठेवला. शरीर झिजल्याचा रकाना कितीचा धरायचा, हे त्यांनाच विचार.